एका दिवसाची सहल आणि एकच लेन्स

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं आमच्या भिशीत ठरलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी कॅमेऱ्याची बॅग घेऊन माझ्याकडे हजर! बॅग कसली, ट्रंकच म्हणा ना. माझ्या दिवाणावर त्यांनी एकेक वस्तू मांडली. कॅमेरा, त्याच्याबरोबरच आलेली 18-55 ची झूम लेन्स, भावजींनी मागच्या बोनसमधून घेतलेली लांबलचक 70-300, एक बुटकी 35, शिवाय चार्जर, पट्टे, झाकणं. रुखवत मांडावं तसं सगळं ओळीने लागलं.

"हे म्हणतात, सगळं घेऊन जा, लागेल ते वापर," वहिनी म्हणाल्या. "मुलं दोन, पाण्याच्या बाटल्या चार, कपड्यांचे जास्तीचे जोड, सासूबाईंच्या गोळ्या, आणि वर हे! मी फोटो काढू का हमाली करू? ताई, एकच न्यायची तर कुठली नेऊ, तेवढं सांगा."

प्रश्न ऐकायला लहान. पण त्याचं उत्तर सापडायला मला स्वतःला एक अख्खी सहल घालवावी लागली होती. म्हणून वहिनींना चहा दिला आणि आधी ती हकिगत सांगितली. तुम्हांलाही सांगते.

माझी फसलेली सहल

2017 सालचा डिसेंबर. पहाटे चारला उठून वाटेत खायला थालीपीठं केली. बोईसरहून निघालो, चिल्हार फाट्याला हायवेला लागलो, घोडबंदर, ठाणे, पनवेल करत खोपोली गाठेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. आमच्या ह्यांना ऐन वेळी पाळी बदलून मिळाली नाही, त्यामुळे कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. निघताना सल्ला मिळाला, "मोठी लेन्स लावून ठेव. तिथल्या राइड लांब असतात, छोटीने काही दिसायचं नाही."

मी आज्ञाधारक! दिवसभर ती 70-300 लावून फिरले. रोलर कोस्टरचे डबे वर चढताना टिपले, खाली कोसळताना टिपले. घरी येऊन मोजले तर चारशेच्या वर फोटो. त्यांत आमचा थोरला कुठल्या डब्यात, हे त्यालाही सांगता येईना. सगळ्यांचीच तोंडं उघडी आणि सगळ्यांचेच हात वर!

याचंही काही नाही. चुटपुट लागली ती वेगळीच. दुपारी सासूबाईंना धाकटीने ओढून घोड्यांच्या पाळण्यावर बसवलं. सत्तरी उलटलेली बाई, आयुष्यात कधी जत्रेतल्या पाळण्यातही बसली नव्हती. नको नको म्हणता म्हणता चढल्या, आणि पाळणा फिरायला लागल्यावर तोंडाला पदर लावून अशा काही हसायला लागल्या की बाजूची माणसंही बघत राहिली. शेजारच्या घोड्यावर नात. आणि मी? मी कठड्याला टेकून, त्यांच्यापासून जेमतेम सहा-सात फुटांवर, गळ्यात ही तोफ! आजी चौकटीत घ्यावी तर नात बाहेर, नात घ्यावी तर आजीचा निम्मा चेहरा. त्यात वर छप्पर, खाली अंधूक उजेड. जे काही निघाले ते सगळे हललेले. छोटी लेन्स पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली. ती काढून लावेपर्यंत पाळणा थांबला. म्हटलं, "आई, अजून एकदा बसा ना." त्या म्हणाल्या, "पुरे गं, हौस झाली."

दोन वर्षांनी त्या गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तेव्हा सगळे अल्बम, सगळे फोन पालथे घातले. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्यात त्या हसत नाहीत. घोड्यावरचा तो हसरा चेहरा चारशे फोटोंमध्ये कुठेही नाही.

हे ऐकून वहिनींनी 70-300 उचलली आणि न बोलता बॅगेत परत ठेवली.

लेन्स निवडायची ती अंतरावरून

लेन्स घेताना आपण सगळ्याजणी एकच विचारतो, "किती लांबचं दिसेल?" विचारायला हवं ते उलटं. आपली माणसं आपल्यापासून किती अंतरावर असणार आहेत? सहलीच्या दिवशी मुलं हाताशी असतात. रांगेत पुढे उभी, बाकावर शेजारी बसलेली, आइस्क्रीम खाताना समोर. बारा-पंधरा फुटांपलीकडे गेलं की आपणच हाक मारतो, "लांब जाऊ नका रे!" मग दीडशे फुटांवरचं टिपणारी लेन्स दिवसभर कशासाठी वागवायची?

लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा लहान, तितकं चौकटीत जास्त मावतं. आकडा मोठा, तितकं थोडंच दिसतं पण जवळ दिसतं. घरोघरी असतात त्या साधारण कॅमेऱ्यांचा, म्हणजे छोट्या सेन्सरवाल्यांचा, हिशेब देते. कॅमेरा आडवा धरून उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा, तर किती मागे जावं लागेल?

18 ला साधारण साडेसहा फूट.
24 ला नऊ फूट.
35 ला तेरा फूट.
50 ला अठरा फूट.
200 ला तर सत्तर-पंचाहत्तर फूट!

आता आपल्या ब्लॉकमधला हॉल डोळ्यांपुढे आणा. दहा बाय पंधराचा असेल तर 50 ला भिंतीत शिरावं लागेल. पार्कातल्या गर्दीत तर अठरा फूट मोकळी जागा मिळणं कठीण. तुमच्या आणि तुमच्या मुलाच्या मध्ये दहा माणसं येऊन जातात. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गॅलरीतल्या एकट्या चेहऱ्याला 50 कितीही छान असली, तरी अशा गर्दीच्या दिवसाला ती जरा लांबच पडते.

ज्यांच्याकडे मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा आहे, त्यांनी हेच आकडे दीडपट धरावेत. आपली 35 ती त्यांची साधारण 50.

मग कुठली?

वहिनींना मी म्हटलं, "तीन भांड्यांतलं एक न्यायचं, तर लग्नाच्या पंगतीचं पातेलं आपण नेत नाही आणि फोडणीची पळीही नेत नाही. ज्यात पोहेही होतात आणि भाजीही होते, ती कढई नेतो." कॅमेऱ्याच्या घरातल्या कढया दोन. एक 18-55 आणि दुसरी 35.

18-55 ही बहुतेकींकडे कॅमेऱ्याबरोबरच आलेली असते. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. साडेसहा फुटांवरून अख्खं कुटुंब मावतं आणि 55 ला नेली की एका चेहऱ्यापुरती जवळ जाते. तुमच्याबरोबर आठ-दहा माणसं असतील, सगळ्यांना एकत्र घ्यायचं असेल आणि दिवस उजेडीच परतायचं असेल, तर हीच न्या. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. दुकानदार काहीही सांगो.

35 ची गोष्ट वेगळी. तिला झूम नाही. जवळचं हवं तर आपण दोन पावलं पुढे जायचं, जास्त मावायला हवं तर मागे सरायचं. पण तिचा मोठा गुण म्हणजे उजेड. लेन्सवर 1.8 किंवा 5.6 असे आकडे असतात. तो आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं छिद्र मोठं उघडतं. छोटी झूम 55 ला असताना फार तर 5.6 पर्यंत उघडते. 35 ची 1.8 पर्यंत उघडते. तिच्यातून आत येणारा उजेड जवळजवळ दहापट! खिडकीची फट आणि पूर्ण उघडलेली खिडकी, एवढा फरक. उजेड जास्त मिळाला की शटर चटकन मिटतं, आणि शटर चटकन मिटलं की हलणारं माणूस हललेलं येत नाही. घोड्यांच्या पाळण्याचं छप्पर, बंदिस्त राइडच्या दारातला अंधार, संध्याकाळची रोषणाई, या सगळ्या ठिकाणी हा गुण कामी येतो. सासूबाईंच्या त्या फोटोला हेच हवं होतं.

झूमपैकी 18-140 किंवा 18-135 अशी एक लांब जातही मिळते. "सगळं एकीत" म्हणून ती मोहात पाडते. वाईट नाही. पण ती पाचशे ग्रॅमच्या आसपास भरते. 35 आणि तिच्यात पाव किलोहून जास्त फरक आला. सकाळी पाव किलोचं काही वाटत नाही. संध्याकाळी पाचला, एका कडेवर झोपलेलं मूल असताना, मानेला विचारा. आणि उजेडाच्या बाबतीत तिचं वळण छोट्या झूमसारखंच.

माझं मत विचाराल तर, दोन-तीन मुलं, दोन-तीन मोठी माणसं आणि संध्याकाळपर्यंतचा मुक्काम असेल, तर 35. घरात 35 नसेल आणि 24 ची चपटी लेन्स असेल, तरी उत्तमच. ती गर्दीत आणखी सोयीची. आणि दोन्ही नसतील तर 18-55 घेऊन खुशाल निघा.

"पण राइडचे फोटो?"

वहिनींचा हा प्रश्न रास्त होता. एवढे पैसे भरून जायचं आणि रोलर कोस्टरवरचा मुलाचा फोटो नाही?

मी त्यांना माझे ते चारशे फोटो दाखवले. रुळावरचा डबा तुमच्यापासून लांब आणि उंचावर असतो, क्षणात डोळ्यांसमोरून जातो. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या राइडवर तर माणसं पाय अधांतरी सोडून उलटीपालटी होतात. त्यात आपलं पोर हुडकायचं कसं? आणि ते हुडकण्याच्या नादात आपण राइडही पाहत नाही, पोरगंही पाहत नाही, पाहतो तो कॅमेऱ्याचा चौकोन.

राइडचा खरा फोटो राइडच्या आधी असतो आणि नंतर असतो. आधी, रांगेत. पाळी जवळ येते तशी थोरल्याची बडबड बंद होते, धाकटीची मूठ आवळली जाते, एकमेकांकडे बघून खोटं हसणं चालतं. आणि नंतर, बाहेर पडायच्या दारात. केस विस्कटलेले, पाय लटपटणारे, "परत जाऊया!" म्हणून ओरडणारी एक आणि गप्प झालेला एक. ही दोन्ही ठिकाणं तुमच्यापासून पाच ते दहा फुटांवर. 35 चीच अंतरं! त्यामुळे मुलं राइडमध्ये बसली की तुम्ही बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, बस्स.

पाण्यातून जाणाऱ्या होडीच्या राइडचंही तेच. होडी धपकन खाली येऊन पाणी उडतं तो क्षण घ्यायचा असेल तर शटर हजाराव्या भागावर ठेवा, म्हणजे थेंब मोत्यांसारखे सुटे येतात, आणि अंगावर पाणी येणार नाही इतकं लांब उभं राहा. नुसत्या धावणाऱ्या मुलांना पाचशेवा भाग पुरतो. घोड्यांच्या पाळण्यावर मात्र एक गंमत करून बघा. शटर तिसावा भाग ठेवून कॅमेरा घोड्याच्या वेगाने, त्याच दिशेला फिरवत बटण दाबा. चेहरा बऱ्यापैकी स्थिर येतो आणि मागची सगळी रोषणाई रेघारेघांची होते. दहांत दोन साधतात, पण त्या दोन दाखवण्याजोग्या!

अख्खा उंच सांगाडा 35 मध्ये मावत नाही, हे खरं. मुलांच्या मागे त्याची एक कमान दिसली तरी जागा कळते.

आठ दिवसांची रंगीत तालीम

नवी लेन्स घेऊन सरळ सहलीला निघू नका. नवी साडी नेसून एकदम स्टेजवर जाण्यासारखं ते. आधी दोन गोष्टी करा.

पहिली, जुने फोटो तपासा. फोटोची माहिती उघडली की तो कितीवर घेतला तो आकडा दिसतो. तुमचे घरातले आवडते वीस फोटो काढा आणि आकडे वहीत लिहा. वहिनींनी लिहिले. वीसपैकी चौदा 24 आणि 40 च्या मध्ये निघाले. उत्तर त्यांच्या कपाटातच होतं.

दुसरी, छोट्या झूमचं कडं 35 वर फिरवून त्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाका. आठ दिवस ती काढायची नाही. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन केळव्याला जा. सुरूच्या बनातली सावली, किनाऱ्यावरचं कडक ऊन, शीतलादेवीच्या देवळापाशी असणारी गर्दी, तिन्ही एकाच दुपारी मिळतात. पावलं किती पुढे-मागे टाकायची याचा अंदाज तिथे येतो. फारच अडलं तर पट्टी काढून 24 वर लावा. पैसा न खर्चता निवड झाली! ज्यांची सहल उन्हाळ्यात आहे त्यांना हनुमान जयंतीपासून भरणारी डहाणूची महालक्ष्मीची जत्रा आहेच. पाळणे, दिवे, धूळ, गर्दी, सगळी परीक्षा एकाच जागी.

फोनवाल्या मैत्रिणींसाठी

"आमच्याकडे कॅमेराच नाही, फोन आहे," असं म्हणणाऱ्याही पुष्कळ. त्यांनाही हेच लागू. फोनमध्ये आता दोन-तीन लेन्स असतात, आणि बोट सारखं या चाकोरीतून त्या चाकोरीत फिरत राहतं. सहलीपुरतं ठरवून टाका की साध्या 1 वरच काढायचा. 0.5 ला सगळं मावतं, पण कडेला उभी असलेली आत्या उगाच जाड आणि ताणलेली दिसते, मग ती रुसते! आणि दोन बोटांनी ओढून फार जवळ आणलेला चेहरा दगडासारखा फुटका येतो. त्यापेक्षा दोन पावलं चाला. दिवसाची सुरुवात करताना फोनच्या मागची काच पुसा. थालीपिटाच्या तेलाचं बोट तिथे हमखास असतं.

एकाच भिंगावर दिवस काढलेली माणसं

एकच लेन्स म्हणजे गरिबी, असं कुणाला वाटू नये. आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरात जो आग्फा क्लिक 3 असे, त्याला बदलायची लेन्स नव्हतीच. 120 च्या रोलवर बारा फोटो निघायचे. त्या बारांत मुंज, बारसं आणि गणपती बसवायचा. म्हणून काढणारा आधी नीट बघायचा, माणसं जागेवर आणायचा, मगच बटण दाबायचा. त्यांतले कितीतरी फोटो आजही आपण फ्रेम करून ठेवतो.

आणि आपल्याच रेल्वेलाइनवर, पुढे गुजरातेत, नवसारीला 1913 साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला आठवा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, दिल्लीत नेहरूंपासून परदेशी पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले, आणि तेही साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत घुसून. त्या वापरत त्यांपैकी रोलीफ्लेक्स या कॅमेऱ्याची भिंगं बदलता येत नाहीत. हवं तसं चौकटीत आणायचं तर पायांनीच अंतर कमी-जास्त करायचं. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, आणि 2012 च्या जानेवारीत त्या गेल्या.

आपल्या दमट हवेचा शत्रू

ही गोष्ट आपल्या भागातल्या बायकांना मुद्दाम सांगायला हवी. पालघर, केळवे, तारापूर, चिंचणी, सगळीकडे खारी, दमट हवा. पावसाळ्यात लोणच्याला जपतो तसं लेन्सला जपावं लागतं, नाहीतर आतल्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात, आणि फार दिवस राहिले तर काचेवरचा थर खातात. मग पुसून जात नाहीत.

लेन्स कातडी केसमध्ये घालून लोखंडी कपाटात बंद करू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. खड्यांचा रंग बदलला की ते ओलावा पिऊन थकले असं समजावं. मग एखाद्या मोडीत काढायच्या पातेल्यात मंद आचेवर सुकवून परत वापरावे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही आणि खडे मुलांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. डांबरगोळ्या मात्र लेन्सजवळ नकोत. महिन्यातून एक-दोनदा लेन्स बाहेर काढून वापरली, तर बुरशीला सवड मिळत नाही. एकच लेन्स वापरात असण्याचा हाही एक फायदा!

पुसण्याचंही शास्त्र आहे. आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ फडक्याने गोल गोल पुसायचं. पदराने कधीही नाही. किनाऱ्यावरून आलो की पदरात वाळूचा एक तरी कण असतोच, आणि काचेवर रेघ उमटवायला तो एक पुरतो.

निघण्यापूर्वी एवढं बघा

बॅटरी रात्रीच भरून ठेवा, कार्ड रिकामं करा.

लेन्सचं पुढचं गोल कडं, म्हणजे हूड, लावून ठेवा. उन्हाची तिरीप अडते आणि गर्दीत कुणाचा कोपर लागला तर काच वाचते.

राइडवर कॅमेरा नेऊ देत नाहीत, आणि तेच बरं. एक मोठं माणूस आळीपाळीने खाली थांबेल असं आधीच ठरवा, किंवा लॉकर घ्या.

पाण्याच्या जागी कॅमेऱ्याला अंघोळीची टोपी घाला. अगदी मापात बसते!

गार एसी हॉलमधून एकदम उकाड्यात आलो की काचेवर वाफ धरते. घाईने पुसू नका. पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

बंद गाडीत, उन्हात कॅमेरा ठेवू नका.

भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. माणसांना झाडाखाली किंवा छपराच्या कडेला उभं करा.

आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची. दिवसातून तीनदा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्या. घरातल्या बाईच्या हाती कॅमेरा आला की ती फोटोतून नाहीशी होते. सकाळी डबा भरणारी ती, दुपारी टोप्या शोधणारी ती, आणि अल्बममध्ये तिचा फक्त खांदा! लेन्स एकच असली, झूमची भानगड नसली, की दहा वर्षांच्या मुलालाही कॅमेरा देता येतो. "माझे पाय दिसेपर्यंत मागे जा आणि दाब," एवढंच सांगायचं.

वहिनी 35 घेऊन गेल्या. सहलीहून आल्यावर एकशेवीस फोटो दाखवले. सगळे काही ग्रेट नव्हते. दोन-तीन हललेले, एकात बोट आलेलं. नायट्रोचा एकही नाही. पण एक मी मागून घेतला. त्यांच्या मुलाने काढलेला. बाकावर वहिनी आणि त्यांच्या सासूबाई शेजारी शेजारी बसल्यात, दोघींच्या हातांत एकेक मक्याचं कणीस, आणि दोघीही कशाला तरी खळखळून हसताहेत.

"आई कशाला हसत होत्या?" मी विचारलं.

"आता आठवत नाही हो," वहिनी म्हणाल्या, "पण फोटो मोठा करायला टाकलाय."